शेवटचा खांब : भयपटाची जाहिरात आणि आपली पोरे

माझ्यासमोर तीन पोस्टर आहेत. तिन्ही एकाच लघुपटाची, आणि तिन्ही आमच्या कॉलेजच्या पोरांनी केलेली. लघुपट नऊ मिनिटांचा आहे. तो पाहिलेली माणसे मोजकीच असतील; पोस्टर मात्र मुळशी तालुक्यातल्या आमच्या भागात, एसटी थांब्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत, पुष्कळांनी पाहिले. त्यावरून वाद झाले आणि त्या वादात माझीही एक चूक उघडी पडली. कविता आणि आत्मकथने यांची समीक्षा करणाऱ्या पानांवर पोस्टरची समीक्षा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. लघुपट पाहायला माणसाला निदान नऊ मिनिटे बसावे लागते. पोस्टर रस्त्यावरून जाणाऱ्याला विचारत नाही. ते एका क्षणात त्याच्या मनात आधीपासून असलेल्या भीतीला हात घालते. ती भीती कोणाची आणि कोणाविषयीची, हा प्रश्न आपला आहे.

पोरांनी भयपटाची रीत निवडली याचे मला प्रथम वाईट वाटले, हे कबूल करते. मी स्वतः भयपट पाहतच वाढले. नव्वदच्या दशकात आमच्या गावच्या जत्रेत भाड्याचा टीव्ही आणि व्हिडिओ आणीत, आणि त्याआधी दोन दिवस भोंगा लावलेली रिक्षा गावभर फिरे. कमजोर काळजाच्या माणसांनी येऊ नये, असे रिक्षावाला ओरडे आणि सारे गाव येई. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. आमच्याकडे तो दहा-बारा वर्षांनी पोचला तरी ताजाच होता. महेश कोठारे यांचा १९९३ चा ‘झपाटलेला’ तर आम्ही पाठच केला होता. एवढे सगळे पाहूनही एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. या साऱ्या चित्रपटांत एक म्हातारा किंवा एक भगत वाटेत भेटतो आणि शहरातून आलेल्या माणसाला बजावतो की तिकडे जाऊ नका. तिकडे म्हणजे वेशीबाहेर. ओढ्यापलीकडे, चिंचेखाली, मसणवट्याकडे. आमची वस्ती तिकडेच होती.

भयकथेचा भूगोल हा गावाचाच भूगोल आहे. गावकुसाच्या आत माणसे, बाहेर भुते. आणि बाहेरच आपण. भुतांनाही जात आहे, हे मी विनोदाने म्हणत नाही. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती गोळा केली होती. १९०९ साली त्याची हत्या झाली. पुढे एन्थोवेन याने ते साहित्य संकलित केले आणि कोकणाविषयीचा भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात भुतांची जी जंत्री आहे ती वाचताना एखादे जातींचे कोष्टक वाचत असल्याचा भास होतो. ब्राह्मण मुलाचा मुंजा वेगळा, शूद्राचा देवचार वेगळा, महाराचे भूत वेगळे. मुंजाचे ठिकाण पिंपळावर आणि महाराच्या भुताचे शिवेवर. मेल्यावरही माणूस आपापल्या जागीच राहिला पाहिजे, अशी ही व्यवस्था. ही माहिती लिहून देणारे मास्तर होते, म्हणजे माझेच व्यवसायबंधू. त्यांतल्या किती जणांच्या शाळेत आपली मुले ओसरीखाली बसत असतील, हा विचार ती जंत्री वाचताना माझ्या डोक्यातून जात नाही.

या दृष्टीने अलीकडचे यश पाहावे. २०२४ साली आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्याने शंभर कोटींच्या वर धंदा केला. त्यातले भूत खट्याळ आहे. मुले त्याच्यावर खूश झाली. ब्राह्मणाच्या मुलाचे भूत भीती घालून झाल्यावर लाडकेही होऊ शकते. त्याला नाव आहे, पूर्वेतिहास आहे, अपुरी राहिलेली इच्छा आहे. शिवेवरच्या भुताला यांपैकी काही नाही. ते नुसते धरते. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे भय बाहेरून येत नाही. ते वाड्याच्या पोटात, घराण्याच्या हावेत आहे. २०१७ च्या ‘लपाछपी’तही विशाल फुरिया यांनी भुताच्या आडून गर्भातल्या मुलीच्या हत्येविषयी बोलण्याचे धाडस केले. पण उसाच्या शेताचा एवढा भेसूर उपयोग करणाऱ्या त्या चित्रपटात ऊस तोडणाऱ्या बाईला जागा नाही, ही माझी तक्रार आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा मी आवडीने वाचल्या. त्यांच्या ताकदीविषयी मला शंका नाही. पण तिथले घर बहुधा पांढरपेशांचे असते, आणि भय म्हणजे त्या घराची मोडलेली शांतता. ज्या घराला शांतता कधी लाभलीच नाही त्याची भयकथा कशी लिहायची, हा प्रश्न त्या वाङ्मयाला पडला नाही.

तो प्रश्न आपल्याकडे अण्णा भाऊ साठे यांनी सोडवून ठेवला आहे. ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आपण सामाजिक कथा म्हणून शिकवतो, म्हणून तिच्यातले भयकथेचे सारे सामान आपल्या नजरेतून सुटते. रात्र आहे, मसणवटा आहे, उकरलेले मढे आहे, त्या मढ्यासाठी कोल्ह्यांशी झुंज आहे. प्रेताच्या जबड्यात जिवंत माणसाची बोटे अडकतात, याहून भयंकर प्रसंग कोणत्या भयकथेत आहे? आणि तरी भीमाला भुताची भीती नाही. त्याची खाण बंद पडली आहे. मढ्याच्या तोंडातले गुंजभर सोने म्हणजे त्याच्या घरची भाकर. शेवटी त्याची बोटे जातात आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू होते. दगड फोडायला आता बोटे नाहीत. रूढ भयकथा जिथे किंकाळी फोडते तिथे अण्णा भाऊ रोजगाराची बातमी देतात. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या कथेचीही बांधणी अशीच पाहता येईल. नायकाचे गुपित वाचकाला ठाऊक आहे, भोवतालच्यांना नाही. प्रत्येक पानावर वाचक दाराकडे कान लावून बसतो. बागुलांनी ही भीती कमावण्यासाठी एकही भूत वापरले नाही.

माझे आजोबा मसणवट्यात लाकडे पोचवायचे. मौतीचा सांगावा घेऊन रात्री पाच-सहा कोस जायचे. १९५८ च्या कायद्याने वतने गेली तरी सांगावा त्यानंतरही काही वर्षे सुटला नाही, असे वडील सांगत. म्हणजे भयपटाचा नायक जिथे पाय ठेवायला थरथरतो ती माझ्या आजोबांची कामाची जागा होती. त्यांना कशाची भीती वाटायची, असे मी वडिलांना एकदा विचारले. वडील म्हणाले, “ज्या गावात सांगावा घेऊन जायचा त्या गावची कुत्री. आन् मानसं.”

आमच्या तालुक्यातले एक कार्यकर्ते आहेत. वयाने वडील आहेत, चळवळीत त्यांची हयात गेली. पोस्टर पाहून ते कॉलेजात आले आणि जयभीम झाल्यावर सरळच म्हणाले, “मॅडम, बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढलं आणि तुम्ही पोरांना पुन्हा भुतात घालता?” त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या त्यांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारलेले आहे. भुताची सारी उपपत्ती त्या श्राद्धावरच उभी. ज्याचे क्रियाकर्म झाले नाही, ज्याला पिंड मिळाला नाही, तो भटकतो. पिंडच नाकारला की भूत निराधार होते. आपल्या माणसांनी त्या एका दिवसात देव नाकारले तशी भुतेही नाकारली, हे आपण पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. त्यातून हा पुणे जिल्हा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून इथे झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. बाईला डाकीण ठरवून मारण्याच्या बातम्या आपल्या राज्यातून आजही येतात. अशा वेळी हडळीचे पोस्टर लावणे हा निरुपद्रवी खेळ नव्हे.

मी त्यांना म्हणाले, “काका, भूत नाही हे पोरांना ठाऊक आहे. भीती आहे की नाही ते सांगा.” ते काही बोलले नाहीत. त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. चहा घेऊन गेले.

आता लघुपटाविषयी. मुळशीत चित्रीकरण ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पुण्यात १९३३ पासून प्रभातचा स्टुडिओ होता, त्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली. तिथली आणि अलीकडे लवळ्याच्या टेकड्यांवर उभ्या राहिलेल्या विद्यापीठांतली मुले कॅमेरे घेऊन ताम्हिणीला आणि अंधारबनात येतात. त्यांना इथे धुके दिसते, जंगल दिसते, धरणाचे काळे पाणी दिसते. त्यांच्या छायाचित्रणाला मी नावे ठेवत नाही. पण त्या पाण्याखाली काय आहे याची जाण क्वचितच असते. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्यामुळे महाराष्ट्रभर झाले. बावन्न गावांचा तो प्रश्न होता. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला त्यातून सावकार आणि कसणारा मावळा यांच्यातला पेचही समोर येतो. पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला नेले, त्यावर वीज केली आणि ती मुंबईला गेली. आमच्या पोरांच्या लघुपटाचा विषय विजेचा खांब आहे, हे त्यांना सुचले तेव्हा हा इतिहास त्यांच्या मनात होता असे नाही. मला तो आठवल्यावाचून राहिला नाही.

कथा अशी आहे. एक मुलगी संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने फाट्यावर उतरते. तिथून वस्ती दीड किलोमीटर. गावातून जाताना रस्त्यावर दिवे आहेत. गाव संपते तिथे दिवेही संपतात. वस्तीकडचा रस्ता अंधारात. मागे पावले वाजतात. चिंच येते, ओढा येतो, मसणवटा येतो. इथपर्यंत सारे रीतसर भयपटासारखे. प्रेक्षक चिंचेकडे पाहत राहतो. चिंचेत काही नाही. मागून मोटारसायकल येते, तिच्यावर गावातली दोन पोरे. गाडी बंद करून ती तिच्या मागे ढकलत ढकलत चालतात, काही बोलत नाहीत, नुसते हसतात. मुलगी मसणवट्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरते आणि तिथे बसून राहते, कारण तिथे ती पोरे येणार नाहीत हे तिला ठाऊक आहे. त्यांना भुताची भीती आहे. तिला नाही. ती दप्तरातून वही काढते, मोबाइलच्या उजेडात काही लिहू लागते, आणि बाहेर गाडी सुरू होऊन दूर जाते.

ही कल्पना मला असामान्य वाटते. भयपटातली सर्वांत भयाण जागा इथे आडोसा झाली आहे, आणि त्यासाठी पोरांनी भूत असल्या-नसल्याचे व्याख्यान दिलेले नाही.

पण पोस्टर करताना मात्र त्यांची, आणि माझीही, दृष्टी जुन्या सवयीला बळी पडली. पहिले पोस्टर असे : काळ्या पार्श्वभूमीवर हातात कंदील धरलेली एक म्हातारी, केस मोकळे, आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. खाली रक्ताच्या ओघळासारखी अक्षरे. मुलांनी ते मला व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि मी उत्तर दिले, “झकास!” हा माझा शब्द अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. तीस-चाळीस प्रती निघाल्या, चिकटल्या.

दुसऱ्या दिवशी तासानंतर दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी थांबली. ती कातकरी वाडीतली, तिच्या वाडीतून कॉलेजात आलेली पहिलीच. वर्गात ती फारशी बोलत नाही. म्हणाली, “मॅडम, ती आमच्या वाडीतली आजी हाय.” मुलांनी तिचा फोटो मागून काढला होता, चहाचे पैसेही दिले होते. कशासाठी हवा ते सांगितले नव्हते. मी त्या मुलीला विचारले, आजी कंदील घेऊन का उभी होती? ती म्हणाली, “रोजच उभी राहते. आम्ही यायचो असतो ना.”

इथे मला माझी आई आठवली. मी बारावीला असताना एसटी फाट्यावर सोडायची आणि आई वळणावर बॅटरी घेऊन उभी असायची. बॅटरीचे सेल संपत आलेले असत, उजेड पिवळा पडलेला. लांबून पाहणाऱ्याला तीही हडळच वाटली असती. आणि मी, जी त्या बॅटरीच्या उजेडात चालत येऊन आज कॉलेजात शिकवते, त्या मी त्या चित्राला झकास म्हटले होते. रूढ संकेतांची ताकद किती असते याचे याहून नेमके उदाहरण मला देता येणार नाही. ते आपल्याच माणसाचा चेहरा आपल्यालाच परका करून दाखवतात. कातकऱ्यांकडे करणी-चेटूक असते हा समज या भागात जुना आहे; आमच्या पोस्टरने त्याला ताजा रंग दिला. आपण दलित आहोत म्हणून आदिवासी म्हातारीच्या चेहऱ्याचे आपण काहीही करू शकतो, असे थोडेच आहे!

मी पोरांना घेऊन वाडीवर गेले. आजीने पोस्टर हातात घेतले, उलटे-सुलटे केले. “डोळं कुठं गेलं माझं?” एवढेच तिने विचारले. पोस्टर करणारा मुलगा खाली बघत राहिला. मग ती म्हणाली, “मी मेलेय का यात?” कोणीच उत्तर दिले नाही. तिने ते पोस्टर परत दिले नाही. घडी घालून कुडाच्या भिंतीत खोचून ठेवले. त्या संध्याकाळी मुलांनी साऱ्या प्रती फाडून आणल्या. एक-दोन राहिल्या असतील.

दुसऱ्या पोस्टरची कल्पना परदेशातून आली होती. १९९९ साली अमेरिकेत ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ नावाचा भयपट निघाला. तो करणारे डॅनिअल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे फ्लोरिडातल्या विद्यापीठात चित्रपट शिकून नुकतेच बाहेर पडलेले. खर्च अगदी थोडा. धंदा सुमारे पंचवीस कोटी डॉलरचा. जंगलात गेलेले तीन विद्यार्थी हरवले आणि त्यांचे चित्रीकरण तेवढे सापडले, असा त्यांनी देखावा केला आणि नटांचे चेहरे छापून ‘हरवले आहेत’ अशी पत्रके वाटली. लोकांना ते खरे वाटले. नटीच्या आईला सांत्वनाची पत्रे आली म्हणतात. जाहिरातीच्या शास्त्रात हे उदाहरण आता पाठ्यपुस्तकासारखे सांगितले जाते, आणि आमच्या पोरांनी ते इंटरनेटवरून उचलले. नायिकेचा फोटो, वर ‘बेपत्ता’, खाली उंची, रंग, अंगातला पोशाख, सारे पोलिसी भाषेत.

हे पोस्टर मी लावू दिले नाही. पोरे नाराज झाली. पहिल्या पोस्टरने मी घाबरले आहे, असे त्यांना वाटले. मी त्यांना एसटी थांब्यावर नेले. तिथे पोलिसांनी लावलेली एक खरी नोटीस होती, पावसाने फिकी पडलेली, एका सोळा वर्षांच्या मुलीची. तिच्या शेजारी आपले पोस्टर लावायचे का, एवढेच विचारले. ब्लेअर विचच्या मंडळींचा खेळ जिथे रंगला तिथे पाहणाऱ्याला बेपत्ता होणे ही दूरची, नवलाची गोष्ट होती. ज्या वस्तीत मुलगी हरवल्याची तक्रार द्यायला गेलेल्या बापाला ‘गेली असेल कुणाबरोबर’ म्हणून परत पाठवले जाते, तिथे ही युक्ती वापरणे म्हणजे त्या बापाला दुसऱ्यांदा परत पाठवणे. तीच युक्ती दुसऱ्या जागी दुसरा अर्थ घेते. अमेरिकेतूनच शिकायचे तर जॉर्डन पील यांच्याकडून शिकावे असे मी पोरांना सांगितले. त्यांच्या २०१७ च्या ‘गेट आउट’चा आरंभच असा, की एक काळा माणूस रात्री गोऱ्यांच्या नीटनेटक्या वसाहतीतून चालला आहे आणि घाबरला आहे. प्रस्थापित भयपटात वसाहत सुरक्षित असते, धोका बाहेरून येतो. पीलनी एकाच दृश्यात ते फिरवले. ज्यांनी १९७२ साली ब्लॅक पँथर्सवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले त्यांच्या वारसांना हे उमजायला वेळ लागू नये.

तिसरे पोस्टर त्यानंतर तीन दिवसांनी आले. त्यात माणूस नाही. रात्रीचा रस्ता, विजेचा एक खांब, त्याच्यावर पेटलेला दिवा, आणि त्यापुढे नुसता काळोख. वर एकच ओळ : ‘दिवे इथे संपतात.’ खाली दिवस, वेळ, कॉलेजचा हॉल. रक्त नाही, कवटी नाही, अक्षरे साधी. पण हुकूम भयपटाचाच आहे. शेवटचा दिवा आणि त्यापलीकडचे अज्ञात ही त्या प्रकारातली सर्वांत जुनी खूण, आणि पाहणारा तसेच वाचतो. कोणाचे तरी भूत निघणार म्हणून पोरे गर्दी करतात. वस्तीतला माणूस मात्र तेच चित्र पाहून म्हणतो, हा तर आपला खांब. एकच चित्र दोन वाचकांसाठी दोन चित्रे होते, आणि दोघांनाही खोटे सांगितलेले नसते. रूढ संकेत उलटवणे म्हणतात ते हे. आत प्रबोधनाचा विषय आणि वर भुताचे वेष्टन, असा प्रकार पुष्कळदा होतो. तो मला पटत नाही. त्यात प्रेक्षकाला फसवून आत घेतल्याची आणि मग उपदेश केल्याची चव राहते. इथे वेष्टन आणि विषय यांच्यात फटच नाही.

मुलांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला सुचली नसती. त्यांनी ते पोस्टर गावातल्या भिंतींवर थोडेच लावले. त्याची मोठी प्रत त्यांनी खळ लावून खऱ्याच शेवटच्या खांबावर चिकटवली. फोटोतला खांब आणि पोस्टर लावलेला खांब एकच. मग ती चित्रपटाची जाहिरात राहिली नाही, खांबावर लिहिलेले खरे विधान झाले. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, विद्यार्थी असताना केला. पुढे ‘फँड्री’त त्यांनी जब्याच्या हातचा दगड सरळ प्रेक्षकाकडे भिरकावला. त्या दगडाने पडद्याचा आडोसा काढून घेतला होता. आमच्या पोरांचा खांब त्या दगडाइतका मोठा नाही. पण जाहिरात कुठे चिकटवायची हाही आशयाचा भाग असतो, हे त्यांना आपोआप कळले.

लघुपटाचे दोष सांगितल्याशिवाय ही समीक्षा पुरी होणार नाही. संगीत उसने आहे, आणि पावलांच्या आवाजावर ते इतके जोरात वाजते की पावलेच ऐकू येत नाहीत. मोटारसायकलवरची दोन पोरे फार ठळकपणे दुष्ट दाखवली आहेत. प्रत्यक्षात अशी पोरे साधी असतात, कॉलेजात आपल्याच बाकावर बसतात, आणि भीती त्यातच असते. शेवटी मुलगी शेडमध्ये वहीत लिहू लागते तिथे लघुपट संपायला हवा होता. तसे न करता दीड मिनिट एक मुलगा कॅमेऱ्याकडे पाहून समतेवर बोलतो. तो भाग मी काढायला सांगितला होता. पोरांनी ऐकले नाही. “मॅडम, नाहीतर लोकांना कळणार नाही,” असे ती म्हणाली. आपल्या नाटकांना आणि कवितांनाही ही धास्ती कायम असते, म्हणून या पोरांवर मी फार रागावले नाही.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला. मागच्या बाकांवर गावातली पोरे शिट्ट्या मारीत होती. चिंचेच्या दृश्यात ती गप्प झाली. मोटारसायकल आली तेव्हा एक जण मोठ्याने हसला आणि त्याच्या शेजारच्याने त्याला गप्प केले. पुढच्या रांगेत वाडीवरून आलेली आजी बसली होती. तिला त्या विद्यार्थिनीने आणले होते. मसणवट्याच्या दृश्यात आजी म्हणाली, “बरं केलं, तितं बसली.” तिला भयपट कशाला म्हणतात ते ठाऊक नाही, आणि तरी एवढ्या हॉलमध्ये त्या दृश्याचा अर्थ तिनेच मोठ्याने सांगितला.

खांबावरचे पोस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी फाटलेले आढळले. कोणी फाडले ते मी विचारले नाही. गावातले एक जबाबदार गृहस्थ मात्र कॉलेजात येऊन गेले; गावाची बदनामी होते, विजेचा अर्ज वरती गेलेला आहे, असे म्हणाले. त्यांना लघुपटाविषयी काही विचारायचे नव्हते, तो त्यांनी पाहिलाही नव्हता. मुलांनी त्यांना अर्जाची तारीख विचारली. ती त्यांना आठवत नव्हती. त्यानंतर मुलांनी पोस्टरच्या आणखी दहा प्रती काढल्या, झेरॉक्सवर, काळ्या-पांढऱ्या. काळोख जास्तच काळा आला. आता ती दर आठवड्याला एक प्रत खांबावर लावतात आणि कोणीतरी ती फाडते. गेल्या सोमवारी संध्याकाळी मी फाट्यावर उतरले तेव्हा अर्धी फाटलेली प्रत होती, ‘दिवे इथे’ एवढेच शब्द उरलेले. वळणावर आजी कंदील घेऊन उभी होती. मुली यायच्या होत्या.